हायब्रिड इअरफोन घेताय? आधी तानपुरा लावा

आमच्या इमारतीत तबला शिकणारी एक मुलगी आहे. वाढदिवसाला तिला हायब्रिड इअरफोन मिळाला, एका कानात दोन जातींचे मिळून चार ड्रायव्हर (आवाज काढणारे इवले भाग) असलेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती दारात उभी. "काका, ह्यात डग्गाच ऐकू येत नाही. चाटी मात्र टोचते. बिघडलाय का हो?"

मी इअरफोनच्या तोंडावरची सिलिकॉनची टिप काढली आणि डबीतली एक माप मोठी टिप पुसून बसवली. तिनं तो पुन्हा कानात घातला आणि फोनमधलं स्वतःच्या रियाजाचं रेकॉर्डिंग लावलं. पहिल्याच 'धा'ला तिच्या भुवया वर गेल्या. डग्गा जागेवर होता. चाटीही टोचायची थांबली होती.

खोक्यावर '१ डीडी + ३ बीए' असं काहीतरी छापलेलं बघून ज्यांना आकडा जितका मोठा तितका माल भारी असं वाटतं, त्यांच्यासाठी हा लेख. चार ड्रायव्हर आहेत की दहा, यावरून आवाजाबद्दल फारसं काही कळत नाही. ते एकमेकांना कसे जोडलेत आणि तुमच्या कानात कसे बसलेत, यावरून जवळजवळ सगळं कळतं. आणि हे पारखण्याचं उत्तम साधन आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. ते म्हणजे तानपुरा.

आत काय असतं

डीडी म्हणजे डायनॅमिक ड्रायव्हर, एक छोटा लाउडस्पीकरच. पातळ पडदा, त्याला चिकटवलेली तारेची गुंडाळी आणि मागे चुंबक. गुंडाळीतून प्रवाह गेला की ती पुढे-मागे हलते, तिच्याबरोबर पडदा हलतो आणि हवा ढकलली जाते. इअरफोनमध्ये याचा व्यास साधारण ६ ते १२ मिमी, त्यातही १० मिमीचा सर्रास दिसतो. पडदा मोठा आणि हालचाल मोकळी, म्हणून खालचे स्वर त्याला सहज जमतात. त्याला श्वास घ्यायला जागा लागते, म्हणून कवचावर टाचणीच्या टोकाएवढं छिद्र ठेवलेलं असतं. ते बोटानं किंवा टेपनं बंद करू नका.

बीए म्हणजे बॅलन्स्ड आर्मेचर. ही तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढी धातूची बंद डबी असते. आत दोन चुंबकांच्या बरोबर मधोमध एक पातळ पट्टी तोलून धरलेली असते आणि तिच्याभोवती गुंडाळी असते. प्रवाह आला की पट्टी कधी वरच्या चुंबकाकडे झुकते, कधी खालच्या. तिच्या टोकाशी जोडलेली केसासारखी बारीक काडी ती हालचाल पडद्यापर्यंत नेते. तराजूच्या दांडीसारखी पट्टी मध्यावर तोललेली असते, म्हणून 'बॅलन्स्ड'.

ही कल्पना फार जुनी आहे. अमेरिकेतल्या युटामध्ये नॅथॅनिएल बाल्डविन यांनी घरी बनवलेले याच तत्त्वावरचे हेडफोन १९१० मध्ये अमेरिकी नौदलानं घेतले. पुढे १९४६ मध्ये सुरू झालेल्या नोल्स कंपनीनं श्रवणयंत्रांसाठी हे ड्रायव्हर अतिशय लहान केले. कानामागे किंवा कानात मावेल एवढं यंत्र हवं होतं आणि बॅटरी कमीत कमी खर्च व्हायला हवी होती. बीएचा लहान आकार आणि थोड्या विजेत भरपूर आवाज देण्याचा गुण तिथूनच आला. ऐकू कमी येणाऱ्यांसाठी केलेली ही मेहनत आज संगीत ऐकणाऱ्यांच्या कामी येते, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. १९९१ मध्ये एटिमोटिक कंपनीनं ईआर-४ हा एकाच बीएचा इअरफोन आणला. १९९५ मध्ये जेरी हार्वी यांनी व्हॅन हेलन बँडचे ड्रमवादक अ‍ॅलेक्स व्हॅन हेलन यांच्यासाठी मंचावर वापरायचा इन-इअर मॉनिटर (कलाकाराला स्वतःचं वादन ऐकवणारा इअरफोन) बनवला आणि त्यातून अल्टिमेट इअर्स ही कंपनी उभी राहिली.

हायब्रिड म्हणजे या दोन जातींचा संसार. खालचे स्वर डीडीकडे, मधले आणि वरचे बीएकडे. २०११ चा एकेजीचा के३००३ हा एक डीडी आणि दोन बीएचा इअरफोन या घराण्यातला नावाजलेला. तेव्हा त्याची किंमत हजार डॉलरच्या वर होती. २०२२ मध्ये ट्रुथइअरनं एक डीडी आणि तीन बीए असलेला हेक्सा सुमारे ८० डॉलरला आणला. चिनी कंपन्यांनी हे तंत्र सामान्य श्रोत्याच्या आवाक्यात आणलं, हे मान्य करायला हवं. प्लेनर, इलेक्ट्रोस्टॅटिक, पिझो असे आणखीही प्रकार हल्ली यात मिसळतात. पहिल्या खरेदीला त्यांचा विचार करायची गरज नाही.

सांधा कुठे आहे

दोन प्रकारचे ड्रायव्हर एकत्र ठेवले की पहिला प्रश्न येतो, कुठला स्वर कोणी वाजवायचा? ही वाटणी करणाऱ्या जोडणीला क्रॉसओव्हर म्हणतात. ती दोन प्रकारे होते आणि बहुतेक हायब्रिडमध्ये दोन्ही वापरलेल्या असतात.

पहिली वाटणी विजेची. बीएच्या वाटेत कपॅसिटर घातला की खालचे स्वर अडतात आणि वरचे पुढे जातात. रोधक घालून कोणाचा आवाज किती ठेवायचा ते ठरवतात. दुसरी वाटणी हवेची. ड्रायव्हरपासून इअरफोनच्या तोंडापर्यंत बारीक नळ्या जातात. नळी लांब आणि अरुंद केली की वरचे स्वर तिच्यातच विरतात आणि डीडीकडून फक्त खालचे बाहेर येतात. शिवाय नळीत डँपर नावाची इवलीशी जाळी बसवून एखादा उसळणारा स्वर दाबता येतो. या जाळ्या वेगवेगळ्या रंगांच्या मिळतात आणि रंगावरून त्यांचा रोध ओळखतात.

आता खरी अडचण. वाद्यं अशी वाटणी मानत नाहीत.

काळी एकमध्ये लावलेला पुरुषी तानपुरा घ्या. जोडीच्या तारा सुमारे १३९ हर्ट्झवर बोलतात आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे साधारण ६९ हर्ट्झवर. पण खर्ज म्हणजे नुसता ६९ चा स्वर नव्हे. जवारी (घोडीवर तार टेकते तिथला घासून साधलेला भाग) नीट काढलेली असेल तर त्या एका तारेतून उपस्वरांची रांग उठते. पाचपटीचा उपस्वर येतो ३४६ हर्ट्झच्या आसपास, आणि तोच आपला स्वयंभू गंधार. कोणी न छेडता उमटणारा. त्याच्याही वर जवारीची झिलई काही हजार हर्ट्झपर्यंत जाते.

आता ही तार हायब्रिडमधून ऐका. डीडी आणि बीए यांचा सांधा काहीशे हर्ट्झवर असेल, तर तारेचं बूड एका ड्रायव्हरमधून येणार, झिलई दुसऱ्यामधून आणि गंधार नेमका सांध्यावर. सांधा नीट जुळलेला असेल तर तार एकच ऐकू येते. न जुळलेला असेल तर खाली एक घुमणारी वस्तू, वर एक चमकणारी वस्तू आणि मध्ये पोकळी असं वाटतं. गंधार फिका पडतो. सांध्याच्या जागी दोन ड्रायव्हर एकाच वेळी विरुद्ध दिशेला हलत असतील तर ते एकमेकांचा आवाज खातात, म्हणून हे होतं.

काहीजण नळ्यांच्या लांबीवरून फार काळजी करतात. खालच्या सांध्यावर तिचा प्रश्न फारसा येत नाही. ५०० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी जवळजवळ ७० सेंमी असते, त्यात नळीतला एखाद्या सेंमीचा फरक कुठे लागतो! पण १० हजार हर्ट्झला लहर साडेतीन सेंमीचीच उरते. मधला बीए आणि वरचा बीए यांच्यात तोच एक सेंमी मोठा ठरतो. म्हणून ड्रायव्हर वाढवले की रचना करणाऱ्याचं काम अवघड होत जातं. दहा ड्रायव्हर जुळवणं हे दहा तंबोरे एका स्वरात लावण्यासारखं आहे. जमलं तर अप्रतिम. पण दोन नीट लावलेले तंबोरे दहा बेसूर तंबोऱ्यांपेक्षा केव्हाही चांगले.

कानात बसवणं

निम्मी लढाई इथेच आहे, म्हणून सावकाश करा.

आधी डावा-उजवा ओळखा. बहुतेक हायब्रिडची वायर कानावरून मागे जाते. समोरून खाली लोंबत असेल तर उलटा घातलाय. आता उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे हलकेच ओढा. त्यानं कानाची नळी सरळ होते. उजव्या हातानं इअरफोन थोडा फिरवत आत सरकवा आणि पाळी सोडा. आत जाताना हलकी कुरकुर आली तर घाबरू नका. बंद हवेच्या दाबानं डीडीचा पडदा वाकतो, त्याचा तो आवाज आहे. हळू घातलं की कमी होतो.

मग फोनवर स्वर निर्माण करणारं कुठलंही मोफत अ‍ॅप घ्या, आवाज कमी ठेवा आणि ५० हर्ट्झचा स्वर लावा. इअरफोन बोटानं जरा आत दाबा. दाबल्यावर स्वर एकदम वाढला तर टिप लहान आहे, फटीतून हवा निसटतेय. कानाच्या बंद नळीत दीड घन सेंमी हवासुद्धा नसते. केसाएवढी फट राहिली तरी खालच्या स्वरांचा दाब तिथून निघून जातो, वरचे मात्र तसेच राहतात. त्या मुलीचं नेमकं हेच झालं होतं. डग्गा गळून गेला आणि उरलेली चाटी एकटी पडून टोचायला लागली.

मोठं माप, मधलं माप, लहान माप, तिन्ही करून बघा. माझ्या उजव्या कानाला मधली टिप लागते आणि डाव्याला मोठी. असं बऱ्याच जणांचं असतं, त्यात वावगं काही नाही. सिलिकॉनची कुठलीच टिप बसली नाही तर फोमची घ्या. बोटांत चोळून बारीक करायची, कानात घालायची आणि ती फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवायची. फोममुळे वरचे स्वर थोडे मऊ होतात. टोचणाऱ्या इअरफोनला ते औषधासारखं लागू पडतं, आधीच मवाळ असलेल्याला मारक.

किती आत घातलंय यानंही आवाज बदलतो. इअरफोनचं तोंड आणि कानाचा पडदा यांच्यात जी हवा उरते ती ८ हजार हर्ट्झच्या आसपास स्वतःच घुमते. खोल घातलं की ही घुमण वर सरकते, बाहेर ठेवलं की खाली येते. 'स' आणि 'श' कानाला कापत असतील तर इअरफोनला नावं ठेवण्याआधी दोन मिमी आत घालून बघा.

कशाला जोडायचा

फोनला गोल जॅक नसेल तर यूएसबी-सीचा डोंगल पुरतो. हायब्रिडला फार ताकद लागत नाही. महत्त्वाचा आहे तो डोंगलचा आउटपुट इंपीडन्स, म्हणजे त्याचा स्वतःचा रोध, आणि याकडे नवखे बघतच नाहीत.

कारण असं. क्रॉसओव्हर आणि बीए यांमुळे हायब्रिडचा रोध प्रत्येक स्वराला वेगळा असतो. समजा एखाद्या इअरफोनचा रोध एका स्वराला १० ओहम आहे आणि दुसऱ्याला ४०. स्रोताचा स्वतःचा रोध १० ओहम असेल तर पहिल्या स्वराचं निम्मं व्होल्टेज वाटेतच जातं, म्हणजे ६ डेसिबलची घट. दुसऱ्याची घट २ डेसिबलच्या आतच. मिळून ४ डेसिबलचा फरक पडला. इअरफोन बनवणाऱ्यानं जो तोल साधला होता तो तुमच्या जोडणीनं मोडला. हाच स्रोत १ ओहमचा असता तर फरक जेमतेम अर्ध्या डेसिबलच्या आसपास राहिला असता. म्हणून १ ओहम किंवा त्याखालचा डोंगल बघा. जुने अ‍ॅम्प्लिफायर, मिक्सरचे हेडफोन जॅक यांचा रोध बऱ्याचदा जास्त असतो. तिथे हायब्रिड वेगळाच वाजला तर आश्चर्य वाटून घेऊ नका. ४.४ मिमीच्या बॅलन्स्ड जोडणीसाठी (बीएमधल्या 'बॅलन्स्ड'शी हिचा संबंध नाही) सुरुवातीला वेगळे पैसे घालू नका.

काय ऐकायचं, कोणत्या क्रमानं

आवाज बोलण्याच्या पातळीवर ठेवा. मोठ्या आवाजात सगळेच इअरफोन पाच मिनिटं छान वाटतात.

पहिल्यांदा फक्त तानपुरा, दोन-तीन मिनिटं. खऱ्या तानपुऱ्याचं चांगलं रेकॉर्डिंग असलं तर उत्तम. डोळे मिटून खर्जाच्या तारेवर लक्ष ठेवा. स्वयंभू गंधार सापडतोय का? तार एक आहे की दोन? जवारी काचेसारखी चरचरते की मधासारखी ओघळते? हायब्रिडबद्दल मला जेवढं कळायचं असतं त्यातलं बरंचसं इथेच कळतं.

मग पुरुष गायकाचा विलंबित ख्याल. मंद्रातून मध्य सप्तकात येताना गायक जागा बदलत नाही ना, ते बघा. मंद्रात तो जवळ बसलाय आणि मध्यात अचानक चार पावलं मागे गेलाय असं वाटलं तर सांधा कच्चा आहे. खालचा भाग फुगवलेला असेल तर शब्दांवर गोधडी पांघरल्यासारखं होतं.

तबला त्यानंतर. डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेली मींड ऐका. ती सलग वर चढली पाहिजे, मध्येच खड्डा पडता कामा नये. 'धा'मध्ये डग्गा आणि चाटी एकाच वादकाच्या दोन हातांसारखे वाटतात की दोन वादकांसारखे? तबला शिकणाऱ्याला हे क्षणात कळतं, बाकीच्यांना दोन-तीन दिवसांनी. शेवटी हार्मोनियम किंवा बासरी, ३ हजार हर्ट्झच्या आसपास कर्कशपणा आहे का ते कळायला.

एवढं झालं की थांबा. वीस मिनिटांनंतर कान सवयीनं मान्य करायला लागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ऐका. 'इअरफोन शंभर तास वाजवा, मग सुधारेल' असं सांगणारे बरेच भेटतील. माझ्या अनुभवात सुधारतो तो आपला कान आणि टिप बसवण्याचा हात. पहिल्या दिवशी खड्डा ऐकू आला असेल तर परत करायची मुदत संपण्याआधी निर्णय घ्या.

आलेख बघताना

कुठला स्वर किती मोठ्यानं वाजतो हे दाखवणारे आलेख हल्ली खरेदीआधी मिळतात. ३ हजार हर्ट्झजवळ उंचवटा दिसला तर तो दोष समजू नका. उघड्या कानाची नळी नैसर्गिकपणे त्याच सुमाराला घुमते. इअरफोननं कान बंद केला की ती घुमण जाते, म्हणून ती परत घालावी लागते. ८ हजारजवळचा टोकदार सुळका बऱ्याचदा मोजणी-यंत्रातल्या नळीचा असतो. वेगवेगळ्या यंत्रांवर काढलेले दोन आलेख शेजारी ठेवून तुलना करू नका. हार्मन कंपनीच्या संशोधनातून आलेली २०१९ ची लक्ष्यरेषा (श्रोत्यांना आवडेल असा तोल दाखवणारी रेषा) आलेखांवर वारंवार दिसते. तिच्यात खालचे स्वर चांगलेच उचललेले आहेत. चित्रपटसंगीत, ढोल-ताशा, इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकणाऱ्याला ती रुचते. ख्याल आणि नाट्यसंगीत ऐकणाऱ्याला मी त्याहून थोडा कमी बास असलेला इअरफोन सांगेन.

कानाचीही काळजी आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब मोठ्यांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास असा आहे. आवाज ३ डेसिबलनं वाढला की वेळ निम्मा. लोकलच्या गोंगाटात टिप नीट बसलेली असली तर आवाज वाढवावा लागत नाही. रस्ता ओलांडताना मात्र काढून हातात घ्या.

जपणूक, आणि एक मेलेला इअरफोन

गेल्या पावसाळ्यात माझा एक जुना हायब्रिड असा आजारी पडला की उजवीकडून फक्त डग्गा. गायक गायब, तानपुरा गायब, टाळ गायब. हमीची मुदत केव्हाच उलटली होती, म्हणून रात्री टेबलाच्या दिव्याखाली ब्लेडनं कवच उकललं. आत नखाएवढा हिरवा बोर्ड, त्यावर खसखशीएवढे कपॅसिटर. शेजारी गोल डीडी, आणि दोन चंदेरी डब्यांतून निघून तोंडाकडे गेलेल्या दोन पारदर्शक नळ्या. दोन्ही नळ्या तोंडापाशी पिवळट मळानं बुजलेल्या. डीडीची वाट रुंद होती, म्हणून ती तेवढी वाचली.

नळ्या साफ केल्या तरी एक बीए बोलला नाही. ओलावा आत पोचला होता.

तेव्हापासून मी असं करतो. ऐकून झालं की टिप काढून कोरड्या कपड्यानं पुसायची. इअरफोनचं तोंड जमिनीकडे धरून मऊ, कोरड्या ब्रशनं जाळी झाडायची, म्हणजे मळ आत न जाता खाली पडतो. टाचणी घालायची नाही, तोंडानं फुंकायचं नाही, फुंकरीबरोबर वाफ आत जाते. जून ते सप्टेंबर हवाबंद डबीत रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या दोन पुड्यांबरोबर ठेवायचा आणि पुड्यांचा रंग बदलला की नव्या घालायच्या. आंघोळीनंतर कान पूर्ण कोरडा झाल्याशिवाय घालायचा नाही. आणि कधी एका बाजूनं नुसता डग्गा किंवा नुसती चाटी उरली, तर दुकानात धावण्याआधी आवाज न लावता जाळीवर टॉर्च मारून बघायचं. जाळी बाहेरून निघणारी असेल तर पन्नास-शंभर रुपयांच्या नव्या जाळीनं गायक परत येण्याची शक्यता बरीच असते.